मोठा मासा उचल

पातेल्यावरचं झाकण थडथडलं आणि मी दचकले. हिरवी केळी उकळत ठेवली होती हे विसरूनच गेले होते. घरात दुसरा आवाज नव्हता. माझी मुलगी दोमे झोळीत निजली होती, एक पाय बाहेर लोंबत. सासूबाई मागच्या अंगणात मासे चिरत होत्या, पण त्यांच्या सुरीचा आवाज येत नाही. चाळीस वर्षांचा हात आहे तो.

दोमे निजते तेवढे दीड-दोन तास माझे. तेवढ्यात मी काम उरकते. ग्वायाकिल शहरातल्या एका कंपनीकडून पुस्तकांवरची वाचकांची मतं येतात, इंग्रजीतली. ती मी आमच्या स्पॅनिशमध्ये करून पाठवायची, रोज तीस. एक शब्द बदलायचा नाही, एक गाळायचा नाही. लग्नाआधी मान्ताला दोन वर्षं इंग्रजी शिकले होते, ते असं उपयोगी पडलं.

या आठवड्यात एकाच कादंबरीवरची मतं आली होती. जाडजूड कादंबरी. नौदलाचे जवान, पाणबुड्या, ड्रोन, आणि समुद्रातून अमली माल नेणारे चोरटे. पुस्तक मी वाचलेलं नाही. पण शे-दीडशे लोकांनी सांगितल्यावर वाचायचं उरतं काय?

‘पाच तारे. विमानांची माहिती अचूक. माणसं पुठ्ठ्याची, पण माणसांसाठी हे पुस्तक कोण घेतं?’

‘एक तारा. मुखपृष्ठ दुमडलेलं आलं.’

‘चार तारे. चोरट्यांची होडी उडवतात ते प्रकरण थांब्यावर वाचत होतो, माझी बस निघून गेली.’

‘पाच तारे. होडीतल्या लोकांना लेखकाने नावं दिली नाहीत हे उत्तम केलं. नाहीतर गोष्ट रेंगाळते.’

या शेवटच्याला मला वेळ लागला. वाक्य अवघड नव्हतं.

माझ्या नवऱ्याचं नाव क्लेबर. चौदा महिन्यांपूर्वी तो आणि त्याचे दोन चुलतभाऊ तलवार माशांच्या मागे खोल समुद्रात गेले, ते आले नाहीत. चौथ्या दिवशी रेडिओवर सांगितलं, चोरट्यांची एक होडी नष्ट केली, तिघे ठार. नावं नव्हती. कोळीवाड्यात तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण मी दुकानात शिरले की गप्पा थांबायच्या.

आमच्याकडे मासे लांब गेलेत. सहा-सहा पिंपं पेट्रोल घेतल्याशिवाय तिथवर कोणी जात नाही, आणि पिंपं दिसली की वरून पाळत ठेवणाऱ्या विमानाला होडी चोरट्यांची वाटते. म्हणून क्लेबर जायच्या आधीच्या उन्हाळ्यात सासूबाईंनी चर्चच्या अंगणात सगळ्या बायकांना जमवलं होतं. “आपल्या पुरुषांना सांगून ठेवा,” म्हणाल्या, “डोक्यावर विमान घिरट्या घालायला लागलं की पळायचं नाही. उभं राहायचं आणि मासा उचलून दाखवायचा. चोरट्यांकडे मासे नसतात.” तेव्हापासून ही रीतच पडली. पोरंसुद्धा वाळूत तसंच खेळतात. एकजण विमान होतो, बाकीचे काठ्या उचलतात.

मी घरी येऊन क्लेबरला सांगितलं. तो जाळं शिवत होता. “मासा कसला उचलायचा,” म्हणाला, “तुलाच उचलून दाखवतो.” मी चिडले. म्हटलं, “थट्टा नको. आणि लहानसहान दाखवू नकोस. सगळ्यात मोठा उचल, खांद्यावर घे, वरून दिसला पाहिजे.” शप्पथ घेतल्याशिवाय जेवायला वाढलं नाही मी त्याला.

सासूबाई रोज एकदा तरी म्हणतात, “वेळ मिळाला नाही माझ्या पोराला. मासा उचलला असता तर त्यांनी सोडलं असतं.” या एका वाक्यावर त्या सकाळी उठतात.

तर झाकण थडथडलं तेव्हा माझ्यासमोर सव्विसावं मत होतं. लिहिणाऱ्याने नावाच्या जागी ‘निवृत्त, तेवीस वर्षं’ एवढंच टाकलं होतं.

‘दोन तारे. लेखक कधी पडद्यासमोर बसलेला नाही. पुस्तकात होडीतले लोक पळतात, पाण्यात उड्या टाकतात. खरं तसं होत नाही. मी बसलो आहे त्या खुर्चीत. ते उठून उभे राहतात. एकजण लांब काहीतरी खांद्यावर घेतो आणि आमच्याकडे तोंड करतो. करड्या पडद्यावर ती रॉकेट डागायची नळी असते, दुसरं काय असणार? त्यानंतर विचार करायला वेळ देत नाहीत. एकाच मोसमात दोन वेळा पाहिलं. दुसऱ्या वेळी त्याने ते आधी खांद्यावर घेतलं, मग दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं, आणि तसाच उभा राहिला. रॉकेट असं कोणी धरत नाही. हे मी कोणाला बोललो नाही. चांगल्या लेखकाने हे लिहिलं असतं.’

मी ते पुन्हा वाचलं. मग उठून गॅस बंद केला. हाताला चटका बसला, तो नंतर कळला.

“ताई, केळी करपवलीस की काय?” दारातून माझा धाकटा भाऊ हांद्री आत आला. तो चारच्या भरतीला निघणार होता, रात्रीसाठी ठेचलेल्या केळ्यांचे गोळे न्यायला आला होता. “वासावरून वाटतंय आज मला उपाशी मारणार.”

“बस,” मी म्हटलं.

“बसायला कुठे वेळ? पिंपं चढवायचीत. आणि तू तोंड नको पाडू गं, विमान आलं तर उचलतो ना मासा. या वेळी असं धूड उचलतो, की वरचा म्हणेल, याला नवरी द्या.”

मागच्या दारात सासूबाई येऊन उभ्या होत्या. हात कोपरापर्यंत ओले. त्यांच्यासमोर सांगायचं म्हणजे त्यांचं ते एक वाक्य काढून घ्यायचं. न सांगावं तर हांद्रीची होडी तासाभरात निघणार होती.

मी सांगितलं. आधी माझ्या शब्दांत सांगायला गेले, ते जमेना, मग पडद्यावरून वाचून दाखवलं. शब्द न बदलता. तेवढी सवय झालीच आहे.

हांद्री हसायला गेला. “कुठल्या पुस्तकातलं आहे ते. थापा मारतात लोक.”

“पुस्तकातलं नाही. पुस्तक वाचणाऱ्याचं आहे.”

“तोच क्लेबरदादा कशावरून?”

“नसेल,” मी म्हटलं. “दोन होड्या म्हणतोय तो. दुसऱ्या कोणाच्या असतील. पण त्या होडीतल्या माणसालाही कोणीतरी सांगितलंच होतं ना, मासा उचल म्हणून?”

सासूबाई म्हणाल्या, “ते डोक्यावर धरल्याचं परत वाच.”

मी वाचलं.

त्या जमिनीवरच बसल्या, उंबऱ्याला टेकून. “म्हणजे वेळ मिळाला होता,” म्हणाल्या. बराच वेळ नखातले खवले काढत राहिल्या. “मीच शिकवलं. अख्ख्या गावाला मीच शिकवलं.”

“तुम्ही मासा म्हणालात, आई. मोठा उचल, खांद्यावर घे, हे मी म्हणाले.”

“तू कालची पोर. तुला काय कळत होतं?”

“आणि तुम्हाला कळत होतं?”

हे मी जोरात बोलले. झोळीत दोमे कुशीवर वळली. सासूबाईंनी माझा भाजलेला हात ओढून मांडीवर घेतला, पाहिला, आणि आपल्या मिठाच्या ओल्या हातात तसाच धरून ठेवला. खूप झोंबलं. मी हात काढला नाही.

हांद्री दाराच्या चौकटीत उभा होता. “मग मी काय करू? हात वर करू? म्हणतील काही फेकतोय. बसून राहू? म्हणतील लपतोय. पळालो तर संपलंच.”

“जाऊ नकोस,” मी म्हटलं.

“आज नाही गेलो, तरी उद्या?” त्याने पातेल्यातली उकडलेली केळी तशीच पंच्यात बांधली, गोळे न करता. “मासा उचलणार नाही एवढं नक्की. बसून जाळं ओढत राहीन. येतो ताई.”

तो गेल्यावर सासूबाई उठल्या. हात पुसले, डोक्याला काळा रुमाल बांधला आणि किनाऱ्याकडे निघाल्या. खिडकीतून मला त्या दिसत होत्या. एकेका होडीशी थांबत होत्या. पहिल्या होडीवरच्या माणसाने हातवारे करून काहीतरी वाद घातला. दुसऱ्या होडीवरच्याने टोपी काढली. त्या काय सांगत होत्या ते ऐकू येत नव्हतं, पण प्रत्येक होडीशी त्या एकदा उजवा हात खांद्यावर नेत आणि खाली टाकत. सगळ्यांना स्वतःच्या तोंडाने सांगत होत्या, की मी चुकले. अकरा होड्या होत्या त्या दिवशी.

मी परत कामाला बसले. ‘लांब काहीतरी’ या जागी मी ‘मासा’ लिहिलं. बघत बसले. मग खोडलं आणि होतं तसं ठेवलं. त्याने पाहिलं तेच त्याच्या नावावर राहू दे. माझ्या खोट्याने क्लेबर स्वच्छ व्हायला नको. उरलेली चार मतं करायची होती. सत्ताविसाव्याला शेवट आवडला होता, फार समाधान वाटलं म्हणे.

इंजिनांचे आवाज सुरू झाले तशी दोमे जागी झाली. साडेचार वर्षांची आहे, उठली की आधी दारात जाते. तिला मामाची होडी निघताना बघायची असते. मी पडद्यावरून मान वर केली तेव्हा ती उंबऱ्यावर उभी होती, केसांत झोप, आणि केळी ठेचायचा लाकडी दांडा दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेला. वर एक साधं प्रवासी विमान चाललं होतं, फार उंचावर, दोऱ्यासारखं.

मी धावले. दांडा तिच्या हातातून असा हिसकला की ती मागे पडता पडता वाचली. ती रडली नाही. एवढी आश्चर्याने बघत होती की रडायचं राहून गेलं. मी तिला उचलून घेतलं, छातीशी धरलं. तिच्या मानेला झोपेचा, घामाचा वास येत होता.

“तसं नाही करायचं, सोन्या. आता कोणी नाही करायचं तसं.”

“आजीने सांगितलंय.”

“आजीनेच नको म्हटलंय आता. ती बघ, सगळ्यांना सांगतेय.”

दोमेने किनाऱ्याकडे पाहिलं. आजी शेवटच्या होडीशी पोचली होती. हांद्रीची होडी लाटांच्या पलीकडे गेली होती, तो पाठमोरा बसला होता, हात खाली. मग तिने विमानाकडे पाहिलं, ते दिसेनासं होईपर्यंत. माझा चेहरा दोन्ही तळव्यांत धरून तिने आपल्याकडे वळवला.

“मग आई, हा आपला मामा आहे, हे त्यांना कसं कळणार?”