माहेर स्पेन, सासर ऑस्ट्रेलिया

बाटल्यांवर चढवायचे मोजे धुतलेले असावेत, हे काय नवऱ्याला सांगायचं असतं? आता एवढंही सांगायचं म्हणजे धन्य आहे!

आमचं वाइनचं दुकान. चव घेण्याआधी बाटल्या मोज्यांत घालून ठेवायच्या, ही आमच्याकडची पद्धत. लेबल दिसलं की जीभ लबाडी करते, असं अक्का म्हणतात. अक्का म्हणजे माझी मोठी नणंद. दुकान दोघा बहीणभावांचं, पण चालतं ते अक्कांच्या नाकावर. त्यांनी ग्लासात नाक घालून मान डोलावली की हॉटेलवाले डोळे मिटून माल उचलतात.

त्या दिवशी तीन बाटल्या होत्या. द्राक्षं मूळची स्पेनची, वेली वाढल्या ऑस्ट्रेलियात.

"म्हणजे माहेर स्पेन, सासर ऑस्ट्रेलिया," मी म्हटलं. "बघू, सासरी सुधारल्यात की बिघडल्यात."

"तू कुठे सुधारलीस?" अक्का म्हणाल्या. आमचं हे असंच चालतं.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक येणार होतं. एका हॉटेलचे मालक, त्यांना वर्षभरासाठी एक वाइन ठरवायची होती. त्याआधी अक्का एकट्याच चाखून बघत होत्या. मी ग्लास घेऊन आत शिरले आणि दारातच थबकले. देवा रे! नवऱ्याने बाटल्यांवर चढवले होते ते त्याचे पळायला जायचे मोजे, आणि तेही कालचे. खोलीत उभं राहवेना. अक्का मात्र त्या बाटल्यांना खेटून बसल्या होत्या आणि ग्लासात नाक घालून म्हणत होत्या, "वा! पिकलेलं पीच!"

मी दार लावून घेतलं.

"अक्का, खरं सांगा. तुम्हाला वास येतोय का?"

"न यायला काय झालं?"

"कसला येतोय?"

"द्राक्षांचा," असं म्हणून त्यांनी नजर चुकवली. अक्कांनी! ज्या माझ्याकडे कायम रोखूनच बघतात त्यांनी!

मी हटले नाही. शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "तुझ्या बाळंतपणाच्या आधी ताप आला होता ना मला, तेव्हापासून गेलाय. जिभेला आंबट, गोड, तुरट कळतं. बाकीचं सगळं जुनं आठवून बोलते. भावाला सांगू नकोस गं. नाकच गेलं तर या दुकानात माझं काय काम?"

भांडायला तरी ही बाई ताठ हवी.

"मी हुंगते," मी म्हटलं. "अंगावर पाजतेय, थेंबही घेणार नाही. पण हुंगायला कोण अडवतंय? मी कानात सांगते, तुम्ही बोला."

मोजे खिडकीबाहेर गेले. हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून बाटल्या बाळाच्या धुतलेल्या दुपट्यांत गुंडाळल्या. बदकांच्या चित्रांची दुपटी बघून हॉटेलवाले म्हणाले, "तिळं झालं वाटतं!"

पहिली पांढरी, अल्बारिन्यो. ओतता ओतता हुंगून मी पुटपुटले, "लिंबू. आणि धुतलेली फरशी."

"लिंबाची साल," अक्का ऐटीत म्हणाल्या. "एकदम स्वच्छ."

दुसरी लाल, टेम्प्रानियो. "चेरी. आणि चपलांचं दुकान."

"चेरी, आणि मागे जरासं चामडं."

हॉटेलवाले खूश. मीही खुशीत आले, आणि तिथेच घोडं अडलं. तिसरीही लाल, गार्नाचा. वास ओळखीचा, अगदी ओळखीचा, पण नाव काही केल्या आठवेना. अक्का ग्लास धरून वाट बघतायत, हॉटेलवाले त्यांच्या तोंडाकडे बघतायत.

"अहो, थांबा की जरा! आठवतेय ना मी!" मी ओरडलेच.

मला वाटलं, संपलं सगळं. माझ्या या तोंडाला कुलूप लावायला हवं.

अक्कांनी ग्लास खाली ठेवला. "मला वास येत नाही," त्या सरळ म्हणाल्या. "बरेच महिने झाले. आज नाक हिचं होतं. जीभ तेवढी माझी."

हॉटेलवाल्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. "मग जीभ काय म्हणते?"

"दुसरी घ्या. तिसरी पहिल्या घोटाला गोड वाटते, पण दोन घोटांत जड होते. जेवताना कोणी दुसरा ग्लास मागणार नाही."

त्यांनी दोन्ही पुन्हा चाखल्या. दोन-दोन घोट, सावकाश. "दुसरीच," ते म्हणाले. "आणि पुढच्या वेळी दोघी असा. म्हणजे कोणाला ओरडावं लागणार नाही."

ते गेल्यावर मी हुश्श केलं. तेवढ्यात आत बाळ उठलं. अक्कांनीच तिला उचलून आणलं आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"हिचा सांग."

"अहो, झोपवतानाच तर बदललंय तिला!"

"तसं नाही गं. हिच्या डोक्याचा. ही झाल्यापासून मला एकदाही आला नाही."

मी वाकून बाळाच्या टाळूवर नाक टेकवलं.

"दुधाचा," मी म्हटलं. "कोमट, गोडसर."

"आणि?"

"आणि तुमचा. दिवसभर तुमच्याच तर कडेवर असते. तुमचाच वास येतो तिला, अक्का."

"खोटारडी," अक्का म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

पण मी खरंच सांगत होते.