एका शहराचा भोंगा

भिंगारच्या पलीकडं माळावर दगडाच्या तीन खाणी होत्या. खालची, मधली आणि वरची. प्रत्येकीभोवती तिची तिची वस्ती. खाणी बंद पडल्या, माणसं तिथंच राहिली. बहात्तर साली कुणाच्या तरी मनात आलं आणि तिन्ही वस्त्यांचं मिळून एक शहर झालं. रस्त्यावर पाटी लागली. त्याच साली विहिरी आटल्या आणि टँकर सुरू झाला.

टँकर आल्याचं लोकांना कळावं म्हणून शहराचे नवे साहेब आप्पासाहेब यांनी आमच्या खालच्या खाणीतला लोखंडी रुळाचा तुकडा टँकरला टांगला. सुरुंग उडवायच्या आधी आमच्याकडं तोच बडवत. ठोके सुरू झाले की पोरं आत ओढायची, दार लावायचं, आणि शेवटचे दोन संथ ठोके पडेपर्यंत डोकं बाहेर काढायचं नाही. माझ्या भावानं एकदा काढलं, तर त्याचा डोळा गेला.

पहिल्या दिवशी छगन ड्रायव्हरनं रूळ बडवला आणि अख्खी खालची खाण दारं लावून बसली. मीही बसलो. चाकांचा आवाज लांब गेल्यावर उमगलं की सुरुंग कसला, ते पाणी होतं. सून भागिरथी ओली बाळंतीण, आणि घरात तिला प्यायला तांब्याभरच पाणी. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दारात बसलो. ठोके पडले तशी शेजारच्या मनकर्णानं मलाच दंडाला धरून आत ओढलं. "मरायचंय व्हय, भावजी?" टँकर पुन्हा गेला.

मग कचेरी गाठली. आप्पासाहेब पोटभर हसले. उद्यापासून भोंगा वाजवू म्हणाले. मी सांगितलं, भोंगा ही वरच्या खाणीची सुरुंगाची खूण, तिथं हेच होईल. तर ते वैतागले.

"बाबा, आता वरची-खालची काही राहिली नाही. शहर एक, तर खूण एक."

शिपायानं मला दार दाखवलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी टँकर वरच्या खाणीवरून आमच्याकडं भरलेलाच आला. भागिरथी पोटभर पाणी प्यायली. बायकांनी हंडे, घागरी, परातीसुद्धा भरल्या. छगन टेचात म्हणाला, "वरच्यांना पानी नको हाय. दारं लावून बसल्यात. घ्या अजून."

मनकर्णा दुसऱ्या खेपेला हंडा घेऊन आली. मी तोटी बंद केली. तिनं मला नको ते ऐकवलं, पण मी छगनशेजारी चढून बसलो आणि टँकर वर न्यायला लावला.

वरच्या खाणीची दारं अजून बंदच होती. उन्हात एक कुत्रंसुद्धा दिसेना. त्यांच्याकडं धोका टळला की एकच लांब भोंगा द्यायचे. मी छगनला तो द्यायला सांगितलं. दारं उघडली. पहिली मालनबाई बाहेर आली, मांडीवरचं नातवंड तसंच काखेत. तिनं आधी खाणीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"सकाळधरनं कोंडून बसलोय, सहादेवबाबा. कुठं उडाला सुरुंग?"

मी हंडा आण म्हणालो.

टँकर रिकामा झाल्यावर छगननं विचारलं, उद्या काय वाजवू? मी म्हणालो, काहीच वाजवू नको. गपचूप ये. तहानलेल्या माणसाला चाकं ऐकू येतात.

त्यानं मान खाजवली.

"तसं साहेबांना इचारावं लागल, बाबा."