डाळ अडकेना

रुद्राणीच्या मांडीवर तळाला भोक पाडलेली लाकडी पेटी होती आणि पायाशी पाच किलो तूरडाळ. लातूर-नांदेड एसटी खड्ड्यात आपटली की ती आधी पेटी धरायची, मग स्वतःला.

लातूरच्या एका क्लासमध्ये ती फिजिक्स शिकवायची. दीडशे पोरांची बॅच, सगळ्यांना डॉक्टरच व्हायचं. पण रविवारी ती सापडायची गुरुपादप्पांच्या डाळमिलमध्ये, हातात वही घेऊन. नरसाळ्यातून पडता पडता डाळ मधेच अडकते. दाणे खांद्याला खांदा लावून भोकावर कमान धरतात. मग हमाल दांडक्यानं ठोका देतो, की पुन्हा धार सुरू. डाळ किती सेकंदांनी अडकते, याच्या तीन वर्षांत तिनं चार हजारांवर नोंदी केल्या होत्या. हमाल तिला डाळवाल्या मॅडमच म्हणायचे.

आणि आता, २००३ च्या डिसेंबरात, नांदेडला परिषद भरली होती ती नेमकी अशाच पदार्थांवर. काच, वाळू, फेस, धान्याच्या राशी. ज्यांच्या कणांना रांगेत उभं राहणं ठाऊकच नाही असे सगळे, आणि त्यांच्या आकडेवारीतून काय वाचायचं ते. रुद्राणीला दहा मिनिटं मिळाली होती.

अध्यक्ष होते नांदेडचेच मुज्तबा सर, जन्मभर काचेवर काम केलेले. "बोला मॅडम, वक्त कमी आहे," ते म्हणाले.

"ही डाळ वीस सेकंदांत अडकेल," रुद्राणीनं ठणकावून सांगितलं आणि भोक उघडलं.

डाळ वाहिली. वाहतच राहिली. परात भरली, टेबलावर आली, पहिल्या रांगेतल्या बुटांत शिरली. तिनं पुन्हा पेटी भरली. पुन्हा सर्र! सभागृह खुदखुदू लागलं. बंगळुरूहून आलेले पाहुणे सौम्यपणे म्हणाले, "अभ्यास अडकण्याचाच आहे ना?"

रुद्राणीचे कान तापले. तिनं मूठभर डाळ उचलली, तर ती बोटांतून निसटली. बोटं चकाकत होती. वास घेतला आणि काल संध्याकाळचे गुरुपादप्पा तिला आठवले. "मॅडम, मोठ्या मानसांत चाललाव. साधी डाळ न्हेऊन आमची इज्जत घालवता का? ही घ्या, तेलाचा हात मारलेली, आरशावानी!"

तिला हसू फुटलं, तेही माईकसमोर. "सर, ही डाळ नटून आलीय! मला बिनतेलाची पाहिजे." आणि ती मागच्या दारानं थेट स्वयंपाकघरात धावली.

तिथं कोंडाबाई दोनशे पानांच्या तयारीत होत्या. "माय, वरणाची डाळ हाय ती!"

"मावशी, तासाभरात परत देते."

"पायाखाली तुडवून? न्हाई. मीच घेऊन येते, डोळ्यांम्होरं राहील."

पातेलं कडेवर घेऊन कोंडाबाई व्यासपीठावर चढल्या. साधी डाळ पेटीत पडली आणि नवव्या सेकंदाला गच्च अडकली. टाळ्यांचा कडकडाट! "आता ठोका कोण देणार?" रुद्राणीनं विचारलं. कोंडाबाईंनी वरणाच्या डावानं पेटीला असा टोला हाणला की धार पुन्हा सुटली.

मग कुणी कुणाचं ऐकेना. मुज्तबा सरांनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं. पाहुणे गुडघ्यांवर बसून डाळ गोळा करू लागले. दोन मुली फळ्यावर आकडे लिहू लागल्या. चार भागांत एक भाग तेलाची, मग दोन, मग तीन. अर्ध्यापर्यंत फारसा फरक पडला नाही. पुढं मात्र अडकायला लागणारा वेळ एकदम उडी मारून दसपट झाला.

"नशीब असेल. पुन्हा करा!" मागून कुणीतरी ओरडलं.

पुन्हा केलं. पुन्हा तीच उडी. वाढत्या तेलानं वेळ बेतानं वाढेल, असा रुद्राणीचा तीन वर्षांच्या नोंदींवरून अंदाज होता. तो साफ चुकला होता आणि तिला नाचावंसं वाटत होतं.

"हे वेड लागलं कुठून?" पाहुण्यांनी जमिनीवरूनच विचारलं.

"मी किल्लारीकडची," ती म्हणाली. "भूकंपात आमचं गाव बसलं. दोन-दोन हात जाडीच्या भिंती, सगळ्या खाली. मामाच्या घराची एकच उभी राहिली. दगड तेच, मातीही तीच. का उभी राहिली, कुणाला सांगता येईना. तेव्हापासून रास दिसली की वाटतं, हिला कुणी धरलंय?"

कोंडाबाईंनी हळूच पुढचं माप पेटीत ओतलं.

जेवण दीड तास उशिरा झालं. वरण नव्हतंच, शास्त्रज्ञांनी पिठलं-भाकरी मागून मागून खाल्ली. हात धुता धुता मुज्तबा सर म्हणाले, "उद्याचं सकाळचं सत्र रद्द केलंय. हीच पेटी चालवू. थांबाल?"

रुद्राणीनं सभागृहाबाहेरच्या बूथवरून क्लासला फोन लावला. तीन वर्षांत तिनं एकही दिवस बुडवला नव्हता.

"सर, उद्याची बॅच दुसऱ्या कुणाला द्या," ती म्हणाली. "मी परवा येते." मागं सभागृहात पुन्हा हशा पिकला, तशी ती वळून बघत म्हणाली, "परवाचंही नक्की नाही बघा."