देवाकडं गाडीची पाठ

गोपालकाल्याचं कीर्तन बाईनं करायचं नाही, असं केशोरीच्या ईश्वरदासजींचं म्हणणं. सप्ताहाच्या समितीत बाकीचे सगळे आमच्या योगेश्वरीच्या बाजूनं झाले, तेव्हा त्यांनी अट घातली. दहाला उभी राहिली तर तिचं कीर्तन, नाहीतर गावातल्या बुवांचं.

आणि आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडाचा डोंगर दिसायला लागला तिथंच आमची जुनी जीप तापली.

गाडी योगेश्वरीच चालवते. बाजूला मी, तिची टाळकरी. मागे मृदंग मांडीवर घेऊन बकारामकाका. काटा लाल रेघेकडे सरकला तशी तिनं गाडी एका तलावाच्या पाळीखाली, मातीच्या बांधापाशी, घेतली आणि बंद करायच्या आधी हीटर पूर्ण फिरवला.

"गोंदिया जिल्ह्यात हीटर कायले पायजे वो?" मी म्हटलं.

पण पायावर आला तो थंड वारा.

"पाहा मावशी. इंजीन जळून राहिलं अन् हीटर थंडा. म्हंजे गरम पाणी इथवर पोचूनच नाई राहिलं."

खाली उतरून तिनं बोनेट उघडलं, पाइपांजवळ हाताची मागची बाजू नेली. वरचा पाइप चटके देत होता, खालचा थंडगार.

"मधात हवा अडकली हाय."

"हवा कुठून येईल? पाणी त कालच काठोकाठ भरलं," काका म्हणाले.

"कुठं भरलं, आठवा."

गाडीला नवं काही लावलं की ती गोरेगावच्या मारुतीपुढं उभी करायची, तोंड देवाकडं, ही आमच्या मंडळींची रीत. काल फुटका पाइप बदलला. देऊळ उताराच्या खाली. पाणीही तिथंच भरू, गाडीलाही नमस्कार करू दे, असा हट्ट काकांचाच. तोंड खाली असल्यानं रेडिएटरच्या झाकणापाशी पाणी भरलेलं दिसलं, आणि हवा मागं, उंच भागात, दडून बसली.

"म्हंजे माह्या नमस्कारानं गाडी तापली?"

"नमस्कारानं नाई काका, उतारानं."

ते झाकणाकडं धावले, तसा तिनं हात धरला. "आत्ता उघडाल त उकळतं पाणी तोंडावर येईल. थंडी होऊ द्या."

तेवढ्यात ईश्वरदासजींचा फोन.

"कोठी हायस बाई?"

"प्रतापगडापाशी. गाडी तापली."

"घे! देवाचीच इच्छा नाई. जाय परत."

"तुमाले देवाची इच्छा रेडिएटरात दिसते का जी? मले त हवा दिसून राहिली. काढतो अन् येतो."

"मी बुवाले उभा करतो."

"करा. मी आली का त्यायच्या हाती टाळ द्या."

तिनं फोन ठेवला. मी हलकेच नाम धरलं. तिनं ओढणीच्या टोकानं डोळे पुसले आणि तिचा आवाज माझ्या आवाजात मिसळला. नाम घेता घेता इंजीन निवलं.

मग तिनं जीप पाळीच्या चढावर चढवली, तोंड आभाळाकडं. चढाच्या पायथ्याशी शेंदराचा देव.

"अवो, देवाकडं गाडीची पाठ!" काका ओरडले.

"देव का नुसतं बोनेट पाहते?"

चाकांमागं दगड लावले. तिनं झाकण काढलं, हीटर पूर्ण उघडा ठेवून इंजीन हळू चालू केलं. "काका, पाइप दाबा. थाप नाई, कणीक मळता तसा."

मृदंगाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक काका रोजच मळतात. त्यांनी पाइप दाबला, सोडला. बुडुक! बुडबुडा फुटला, पाणी खाली गेलं. मी कॅनमधून ओतलं. पुन्हा बुडबुडा, पुन्हा पाणी. मग एक मोठी ढेकर आली, माझं लुगडं भिजलं, आणि काका आत वाकून हीटरवर हात धरत ओरडले, "गरम! बापा, गरम!"

बुडबुडे थांबले, पाणी उतरेना. खालचाही पाइप तापला. तिनं झाकण घट्ट लावलं.

केशोरीत पोचलो तेव्हा दहा केव्हाच वाजून गेले होते. योगेश्वरीनं गाडी लावायला किल्ली काकांकडे टाकली. बुवा चिपळ्या घेऊन उभे, हंडी वर टांगलेली. ईश्वरदासजी मंडपाच्या तोंडाशी आडवे आले.

"मान खाली घाल, साऱ्यायची माफी माग. मग पाहू."

ती त्यांच्या बाजूनं निघून देवापुढं गेली, कपाळ जमिनीला टेकवलं, ताठ उभी राहिली.

"मान घातली जी. जिथं घालायची तिथंच."

मंडपात बाया पुढं सरकल्या, एकीनं बसल्या जागेवरूनच विठ्ठलनामाचा गजर उठवला. बुवांनी ईश्वरदासजींकडं पाहिलं, बायांकडं पाहिलं. मग तिच्या हाती चिपळ्या देऊन स्वतः टाळ घेतला आणि मागच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

काका कणीक लावत बसले होते. ईश्वरदासजी त्यांच्यावर वाकले.

"अन् बाहेर देवाकडं पाठ करून गाडी कोणं लावली?"

"मीच," काका म्हणाले. "राहू द्या तशीच."

आणि मृदंगावर थाप मारली.