सिंहांची कमान

नागरिकशास्त्राच्या तासाला देवस्थळी सर नेहमी सांगत, "ज्या राज्यकर्त्याला खालचं काही दुरुस्त करायचं नसतं, तो लोकांना वर बघायला लावतो." पोरं हसायची. पुढे सर निवृत्त झाले, ठाकुर्लीच्या 'एकोपा' सोसायटीचे अध्यक्ष झाले आणि खुर्चीला चिकटले ते चिकटलेच.

त्यांची युक्ती साधी होती. वार्षिक सभेला कोणी फिरकत नसे. गणपूर्ती नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब व्हायची आणि मग हजर असतील तेवढ्यांत उरकायची. हजर कोण, तर सर, त्यांची बायको आसावरी आणि खुर्च्या मांडणारा वॉचमन दगडू. सर एकमताने निवडून यायचे. दगडूला मत नव्हतं, पण टाळ्या तोच वाजवायचा.

यंदा लिफ्ट बंद पडली. सर पहिल्या मजल्यावर राहत, त्यामुळे बातमी त्यांच्यापर्यंत सावकाश पोचली. ती घेऊन पाचव्या मजल्यावरची मेघना आली. तिच्या आईचे गुडघे गेलेले.

"सर, आई विचारतेय, खाली अजून ठाकुर्लीच आहे ना?"

"बघतोय गं लिफ्टचं. पण आधी सोसायटीची काही शान नको का?"

शान म्हणजे फाटकावर कमान. दोन बुरूज, त्यांवर फायबरचे दोन सिंह, खाली काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत सरांचं नाव आणि 'अध्यक्ष'. लिफ्टसाठी ठेवलेला निधी सिंहांनी खाल्ला.

"अहो, हे तुम्हीच शिकवायचात ना?" आसावरी म्हणाली.

"हो. सविस्तर उत्तराचा प्रश्न असायचा."

वर्गात आपण ज्याची टर उडवली तोच प्राणी आपण झालो, हे सरांना स्वच्छ दिसत होतं. फक्त त्याच्या शेजारी सिंह फार छान दिसत होते.

उद्घाटनाला रोषणाई, बटाटेवडे, सगळा थाट. मंडपाचं भाडं दोनदा कशाला, म्हणून हिशेबी सरांनी वार्षिक सभाही त्याच संध्याकाळी ठेवली. घात झाला तो तिथे. सिंहांबरोबर सेल्फी काढायला अख्खी सोसायटी खाली उतरली. मेघनाच्या आईला पोरांनी खुर्चीसकट उचलून आणलं.

म्हातारीने मान वर करून सिंह नीट न्याहाळले. "छान आहेत हो सर. वर गेले कसे? लिफ्टने?"

आधी दगडू हसला. मग सगळा मंडप हसला.

"सर, जरा डोकी मोजा," मेघना म्हणाली. "गणपूर्ती झालीये. मी अध्यक्षपदाला उभी राहतेय."

हात वर करायला सांगणं सरांचंच काम होतं. त्यांनी सांगितलं. मेघनासाठी हातांचं रान उभं राहिलं. त्यात ओळखीच्या बांगड्या दिसल्या.

"आसावरी, तूसुद्धा?"

"मला पाचव्या मजल्यावर हळदीकुंकवाला जायचंय. चढवत नाही हो."

वर्गणी निघाली, लिफ्ट सुरू झाली. सरांनी धीर करून नव्या अध्यक्षांना विचारलं, "कमान पाडणार का गं?"

"पाडायला पैसे लागतात, सर. तुमच्या नावाची पाटीसुद्धा बदलणं परवडत नाही."

सरांनी चेहरा पडल्यासारखा केला. आता रोज सकाळी दूध आणायला जाताना ते कमानीखाली थांबतात, आजूबाजूला बघतात आणि रुमालाने पाटीवरची धूळ पुसतात. 'अध्यक्ष' या शब्दावर रुमाल जरा जास्त वेळ फिरतो.