वाकडी दीर्घिका

रत्नमाला घरून धुतलेला युनिफॉर्म घालून शाळेत परतली आणि व्हरांड्यातच थबकली. सकाळी खपून काढलेली तिची रांगोळी कुणीतरी सुधारून ठेवली होती.

विज्ञान प्रदर्शनाची रांगोळी होती ती. ताऱ्यांची सर्पिल दीर्घिका, आपल्या आकाशगंगेसारखी. फरक एवढाच, की हिच्या बाजूला दोन लहान दीर्घिका होत्या आणि त्यांच्या गुरुत्वाकर्षणाने हिची एक भुजा लांबवर वाकडी ताणली गेली होती. तो वाकडेपणा हाच तर सगळा विषय. आता ती भुजा दुसरीसारखीच गोल, रेखीव झाली होती आणि शेजारच्या दोघी पुसून तिथे कमळं उमलली होती.

बायजाबाई रंगाने माखलेली बोटं पदराला पुसत उभी होती. रत्नमालाच्या शेजारची काकू. एकोडी गावात बुद्धजयंतीची रांगोळी तिचा हात लागल्याशिवाय पुरी होत नसे.

"तुया डबा आणली. एक बाजू वाकडी दिसली, सरळ करून देली. दोन डागही होते, पोरी."

"डाग नाही होत ते, काकू. कायले हात लावली?"

"लोक काय म्हणतीन? हिरालालच्या पोरीले रांगोळीही येत नाही?"

रत्नमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोक म्हणजे कोण, तर ही आणि हिच्या ओसरीवर बसणाऱ्या चौघीजणी. तिची सायकल त्यांना खुपली, कापलेले केस खुपले. नागपूरला बी.एस्सी.ला जायचं म्हटलं, तर बाबा आधी त्या ओसरीवर विचारून आले. मोठ्या मिनतवारीने एवढंच कबूल झाले, की रांगोळीची जिल्ह्याला निवड झाली तर पाठवीन.

दुरुस्तीला वेळच नव्हता. परीक्षक आलेच.

"वा, किती रेखीव," ते वाकून म्हणाले. "भंडाऱ्याला हीच पाठवू."

प्रदर्शन बघायला येऊन मागे उभ्या राहिलेल्या हिरालालचा चेहरा फुलला. बायजाबाईचाही.

तोंड मिटून उभं राहायचं, की नागपूर पदरात. रत्नमालाने तेही करून पाहिलं. जमेना. ती खाली बसली, तळहाताने कमळं फरफटून टाकली आणि ती शहाणी भुजा बोटांनी ओढत ओढत पार खांबापर्यंत वाकडी नेली.

"ही अशी असते, सर. शेजारी ओढतात म्हणून. मघाची खोटी होती."

परीक्षकांनी त्या कालवलेल्या रंगाकडे पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि ते पुढच्या ज्वालामुखीकडे वळले.

"हातचं कायले घालवली वो?" हिरालाल कळवळला. "आता लोकायले काय सांगू?"

"सांगा, पोरगी नागपूरले जाऊन राहिली म्हणून." रत्नमाला उठून त्याच्यासमोर उभी राहिली. "पाठवता का नाही, ते आत्ता सांगा, बाबा. इथंच. कोनाले न विचारता."

सवयीने हिरालालने बायजाबाईकडे पाहिलं.