डबक्या मजेत आहे

वाटेतल्या खड्ड्यांनी डबक्याचा डावा डोळा घसरून गालावर आला होता. केकवाल्या काकूंनी खोका स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून उघडला, बोट जरासं ओलं केलं आणि डोळा हलकेच वर सरकवला. साखरेचा हिरवा बेडूक, पायांत पिवळे गमबूट, डोक्यावर छत्री. टीव्हीवरचा डबक्या तो हाच, असं कुठल्याही चार वर्षांच्या पोरानं शपथेवर सांगितलं असतं.

"हा कुणी सांगितला तुम्हाला?" वाढदिवसाच्या मुलीच्या आईनं मागून विचारलं.

काकूंनी वळून पाहिलं. बाईच्या हातात कागदी ताटल्यांची चळत होती आणि चेहरा पार उतरला होता.

"तिच्या बाबांनी. फोन आला होता त्यांचा. म्हणाले, घरी कुणाला बोलू नका, गंमत करायचीय."

"आज आठ पूर्ण झाली हो तिला."

इतकी वर्षं पोरांचे केक करताना काकूंनी एकच नियम पाळला होता. ऑर्डर कुणीही देवो, कोण हवंय ते पोरालाच विचारायचं. आईबापांचा काय भरवसा? पोरांची आवड तीन महिन्यांत बदलते आणि ही मंडळी गेल्या वाढदिवसालाच चिकटून बसलेली. पण परमुलखातून बोलणारा तो माणूस गमबुटांचा पिवळा नेमका कसला हवा, ते इतकं जीव तोडून सांगत होता, की काकूंनाच भरून आलं आणि अक्कल गहाण पडली.

बाहेरच्या खोलीत मुलींचा नुसता कल्ला चालला होता. भिंतभर अवकाशयान चालवणाऱ्या कुणा शूर पोरीची चित्रं लावली होती. वाढदिवसाच्या मुलीनं कमरेला तिच्यासारखाच चंदेरी पट्टा बांधला होता.

"चूक तुमची नाही," आई म्हणाली. ताटल्या ती उगाचच सारख्या करत होती. "तीन वर्षं झाली त्यांना कामावर जाऊन. दर रविवारी विचारतात, डबक्या कसा आहे? ही म्हणते, मजेत आहे. मीही तेच म्हणते. त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं, की तो कापडी बेडूक केव्हाच माळ्यावर गेला?"

"पाच मिनिटं द्या मला. बेडूक उचलते, खाली हिरवं राहील त्यावर चांदण्या काढते. कुणाला काही कळायचं नाही."

आईनं घाईघाईनं मान हलवली. काकूंनी गमबुटांखाली पातळ सुरी सरकवली. एक पाय सुटला. तेवढ्यात बाहेर फोन वाजला आणि मुलगी तो हातात धरून धावतच आत आली. तिच्यामागून सगळ्या मैत्रिणी.

"आला का केक? दाखव, दाखव," फोनमधून बाबा म्हणाले.

काकूंनी सुटलेला पाय अंगठ्यानं दाबून पुन्हा बसवला. दुसरं करणार काय?

मुलीनं केक पाहिला. तिचा हात पट्ट्यावर गेला.

"अय्या, डबक्या?" मागची उंच मुलगी म्हणाली. "हा तर माझा छोटा भाऊ बघतो." दोघीतिघी तोंडावर हात ठेवून फिदीफिदी हसल्या.

काकूंना वाटलं, सांगून टाकावं, बाळा, चुकलं माझं, मला बोल काय ते. पण फोनमध्ये तो माणूस डोळे लावून बसला होता. इस्त्रीचा सदरा घातलेला, केस पाणी लावून विंचरलेले, मागे लोखंडी खाट.

"ओळखलंस का कोण ते?"

"डबक्या," मुलगी म्हणाली.

"बघ! माझ्या पिल्लाचं मला माहीत नसणार, तर कुणाला? बरं, आता त्याच्यासारखं ओरडून दाखव की. तू उड्या मारत करायचीस ना, तसं."

मुलीनं आईकडे पाहिलं. आई ताटल्यांकडे बघत होती. मग तिनं काकूंकडे पाहिलं, या परक्या बाईकडे. काकूंनी हातातली सुरी पाठीमागे लपवली.

मुलीनं फोन साखरेच्या डब्याला टेकवून असा उभा केला, की मागच्या मुली त्यात दिसू नयेत. मग गुडघे वाकवून तिनं उडी मारली.

"डराँव. डराँव."

मुली खो खो हसत सुटल्या. उंच मुलीला तर दाराचा आधार घ्यावा लागला. हिचे कान लालभडक झाले. फोनमध्ये बाबांचा चेहरा अर्धवट उघड्या तोंडानिशी थिजून राहिला होता.

थोड्या वेळानं तो हलला.

"मध्येच अडकलं गं," बाबा म्हणाले. "काहीच ऐकू आलं नाही. परत कर ना, जरा मोठ्यानं."

मुलीनं एकदा नाक ओढलं. पुन्हा गुडघे वाकवले आणि या खेपेला चांगली मोठ्यानं ओरडली.